सपोर्टरांच्या टीमा आपसात भिडतात तेव्हा: टर्फवरची स्पर्धा नेमकी चालते कशी

मागच्या डिसेंबरात एका रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही विजापूर रोडकडच्या एका टर्फवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या गवताच्या छोट्या मैदानावर, उभे होतो, सोलापुरात थंडी म्हणजे काय ती तेवढीच, हात खिशात, आणि समोर दोन टीमा वॉर्मअप करत होत्या. इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांना मानणाऱ्या आपल्याच पोरांच्या, एक मँचेस्टर युनायटेडवाल्यांची, एक लिव्हरपूलवाल्यांची. दोन्ही लाल. थोड्या वेळानं आर्सेनलवाले आले, तेपण लाल. पलीकडं चेल्सी आणि मँचेस्टर सिटी, दोघं निळे. जर्सी घालून यायचं ठरलेलं म्हणून सगळे हौसेनं घालून आलेले, कुणी पाठीवर स्वतःचं नाव टाकून, कुणी थोरल्या भावाची जुनी ढगळी, आणि शिट्टी वाजायच्या आधीच पहिला प्रश्न उभा राहिला की कोण कुणाचा हे ओळखायचं कसं. फुटबॉलच्या नियमांच्या पुस्तकात एकूण १७ नियम आहेत, त्यातल्या चौथ्यातच हे लिहिलंय की दोन्ही टीमांचे रंग एकमेकांपासून आणि रेफ्रीपासून वेगळे पाहिजेत, गोलकीपरचा तर बाकी सगळ्यांपासून वेगळा. आमच्याकडं त्या दिवशी बिबच, म्हणजे ओळखायला जर्सीवरनं घालायची रंगीत बंडीच, नव्हते. शेवटी टर्फवर राखण करणाऱ्या मामांनी कपाटातून पोपटी बिबांचा एक गठ्ठा काढून दिला तेव्हा मॅच सुरू झाली, पंचवीस मिनिटं उशिरा, आणि तो उशीर दिवसभर पुढं पुढं सरकत गेला, शेवटची मॅच भर उन्हात झाली.

हे आधी सांगतोय कारण सपोर्टर टीमांची स्पर्धा म्हणलं की लोकांना वाटतं भांडण होणार, युनायटेड आणि लिव्हरपूलची पोरं एका जागी आली म्हणजे राडा ठरलेला. मी चार सीझन ही भानगड जवळून बघितली आहे, दोन वेळा फिक्स्चर, म्हणजे कोण कुणाशी कधी खेळणार ते, स्वतः काढलेत, आणि माझा अनुभव असा की आमच्याकडं क्लबावरनं एकदाही हाणामारी झाली नाही, जेवढी भांडणं झाली तेवढी आधी कागदावर न लिहिलेल्या गोष्टीवरनं झाली. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडची पोरं विचारत असतात की दादा आम्हाला पण असं काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून सगळं एकदा नीट सांगतो.

आधी सपोर्टर टीम म्हणजे काय. क्लबची टीम पगार घेऊन खेळते, ती वेगळी. सपोर्टर टीम म्हणजे त्या क्लबला मानणारी साधी माणसं, दिवसा कुणी चादरीच्या कारखान्यात हिशोबावर, कुणी मेडिकलच्या काउंटरला, कुणी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला, आणि शनिवारी रात्री मोबाइलला नाहीतर टीव्हीला चिकटलेले. ही कल्पना आपली नाही. इंग्लंड-युरोपात एका गावचे फॅन दुसऱ्या गावी मॅच बघायला जातात तेव्हा सकाळी तिथल्या फॅनच्या टीमशी एखाद्या छोट्या मैदानावर खेळतात आणि नंतर स्टेडियममधे जाऊन एकमेकांविरुद्ध घसा फोडतात. इटलीत तर १९९७ साली मोंदियाली आंतीरात्सिस्ती नावाची स्पर्धा सुरू झाली, म्हणजे वंशद्वेषाविरुद्धचा वर्ल्डकप, त्यात कट्टर फॅन ग्रुपांच्या टीमा आणि परदेशातून पोटासाठी आलेल्या लोकांच्या टीमा एकाच गवतावर खेळल्या.

आपल्याकडं जवळचं उदाहरण म्हणजे कोल्हापूर. तिथं फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, ज्या पेठेत जन्मलो त्या तालमीचा झेंडा, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ गॅलरीत. तिथं कोण कुणाचा हे कुणाला विचारावं लागत नाही, पत्ता सांगितला की कळालं. सोलापुरात तसं नाही. आपल्या टीमा सातासमुद्रापार, प्रेम टीव्हीवरनं जडलेलं, त्यामुळं एकाच घरात थोरला युनायटेड आणि धाकटा लिव्हरपूल, एकाच गल्लीत चार क्लब, साखर पेठेतला आणि जुळे सोलापुरातला दोघं बार्सिलोनाचे. मैदानावर भाषा तर काय सांगू, बॉल पायात असताना पाठीमागनं कुणी आला की एक जण ओरडतो "मागं हाय बे", दुसरा "पीछे है", तेलुगू बोलणारा "वेनक", कानडी बोलणारा "हिंदे", आणि ज्याला सांगायचं त्याला चारही कळतात. मला या स्पर्धेत सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. पण यातनंच पहिली अडचण येते, पत्त्यावरनं ओळख पटत नाही म्हणल्यावर सपोर्टर कोण हे ठरवायचं कसं?

जर्सी आहे म्हणून सपोर्टर म्हणावं तर जर्सी नवी पेठेत कुणालाही मिळते. पहिल्या वर्षी आम्ही तोंडी प्रश्न विचारायचं ठरवलं, युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, म्हणजे चॅम्पियन्स लीगची, २००८ ची फायनल कुठं झाली वगैरे. मॉस्कोला झाली, युनायटेड पेनल्टीवर चेल्सीला हरवून जिंकली, पण आमचा एक दहा वर्षांपासूनचा पक्का युनायटेडवाला घाबरून गप्प बसला आणि काल क्लब बदललेल्यानं मोबाइलवर पाठ करून धडाधड उत्तर दिलं. म्हणजे ते कामाचं नाही. दुसऱ्या वर्षी तर त्याहून वाईट. सेमीफायनलच्या सकाळी एका टीमनं तीन नवीन पोरं आणली, बॉलला पहिला पाय लावला तेव्हाच समोरच्यांना कळालं की ही पोरं रोज प्रॅक्टिस करणारी आहेत, कुठल्यातरी मोठ्या टीमकडनं खेळणारी. विचारलं तर त्यातला एक म्हणला, "मीपण लहानपणापास्नं सपोर्टर हाय बे." खोटं तरी कसं म्हणणार? अर्धा तास वाद, कुठंच काही लिहिलेलं नाही, शेवटी खेळवलं, ७-० झालं, आणि जी टीम हरली ती पुढच्या वर्षी आलीच नाही. त्यात कोरी, प्रामाणिक, दर रविवारी येणारी पोरं होती. मला त्याचं अजून वाईट वाटतं कारण नियम लिहायचं काम आमचं होतं.

तेव्हापासून असं करतो: स्पर्धेच्या महिनाभर आधी प्रत्येक टीमनं बारा नावांची यादी फोटोसकट द्यायची आणि त्या दिवशी यादी बंद. एक नाव एकाच यादीत. एकदा एका क्लबकडनं खेळला की पुढची दोन वर्षं दुसऱ्या क्लबकडनं नाही. आणि त्या वर्षी कॉलेजच्या किंवा जिल्ह्याच्या टीममधनं खेळलेले जास्तीत जास्त दोन जण. यादी सगळ्या टीमांना दाखवायची, आक्षेप घ्यायला आठ दिवस, नंतर कुणी काही बोलायचं नाही. कुणाच्या मनात कुठला क्लब आहे ते आम्ही आता तपासतच नाही, यादी तपासतो.

आता गणित, घाबरू नका. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं याला राउंड रॉबिन म्हणतात, आपण लीग म्हणतो. मॅच किती होणार हे काढायला टीमांच्या आकड्याला त्याच्यापेक्षा एकनं कमी आकड्यानं गुणायचं आणि दोननं भागायचं. सहा टीमा असल्या तर ६ गुणिले ५ म्हणजे ३०, भागिले २, म्हणजे १५ मॅच. दोननं का भागायचं तर युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल आणि लिव्हरपूल विरुद्ध युनायटेड ही एकच मॅच आपण दोनदा मोजलेली असते. आमची मॅच नऊ-नऊ मिनिटांच्या दोन हाफची, मधे दोन मिनिटं, म्हणजे वीस, आणि टीमा बदलायला पाच, एकूण पंचवीस मिनिटं धरायची. १५ मॅचला सव्वासहा तास. आता दोनच टीमा वाढवा, आठ करा, तर २८ मॅच, अकरा तास चाळीस मिनिटं. टर्फ तासावर मिळतं, समजा तासाला १,००० रुपये, तर सहा टीमांचं भाडं सव्वासहा हजार आणि आठ टीमांचं पावणेबाराच्या आसपास. वाढल्या दोन टीमा आणि खर्च जवळपास दुप्पट, नवीन पोरं हमखास इथं फसतात, आधी एन्ट्री फी जाहीर करून बसतात आणि मग पदरचे घालतात.

दुसरा टोकाचा मार्ग नॉकआउट, हरला की घरी. आठ टीमांना सातच मॅच लागतात, कारण प्रत्येक मॅच एकाच टीमला घरी पाठवते आणि आपल्याला सात टीमा घरी पाठवायच्या असतात. स्वस्त पडतं, पण अर्ध्या टीमा वीस मिनिटं खेळून परत, अक्कलकोटहून पहाटे निघून आलेल्या पोरांना असं पाठवायला जीव होत नाही. शिवाय टीमा ४, ८, १६ अशा नसल्या की काहींना पहिल्या राउंडला बसवावं लागतं, त्याला बाय म्हणतात, सहा टीमा असल्या तर आठातनं सहा गेले, दोघांना बाय, आणि बाय कुणाला यावर पुन्हा वाद. म्हणून मधला रस्ता: आठ टीमांचे चार-चारचे दोन ग्रुप, एका ग्रुपात सहा मॅच, दोन ग्रुपांच्या बारा, मग दोन सेमी आणि एक फायनल, एकूण १५. म्हणजे सहा टीमांच्या लीगला जेवढ्या मॅच लागल्या तेवढ्यातच आठ टीमा बसल्या आणि प्रत्येकाच्या वाट्याला किमान तीन मॅच आल्या. मला हा हिशोब पहिल्यांदा जमला तेव्हा लई आनंद झाला होता, खरंच.

फिक्स्चर काढायला अ‍ॅप आहेत, पण वहीच्या पानावर दोन मिनिटांत जमतं. सहा टीमांना नंबर द्या. वरच्या ओळीत १, २, ३ आणि खालच्या ओळीत ६, ५, ४. वरखाली जे समोरासमोर आले ते खेळणार, १-६, २-५, ३-४, हा झाला पहिला राउंड. आता १ नंबरला जागेवरनं हलवायचं नाही आणि बाकी पाच जणांनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं एक-एक घर सरकायचं. वर झालं १, ६, २ आणि खाली ५, ४, ३, म्हणजे १-५, ६-४, २-३. असं पाच वेळा केलं की पंधराच्या पंधरा मॅच येतात, एकही दोनदा येत नाही.

पॉइंट सगळ्यांना माहीत आहेत, जिंकलं तर ३, बरोबरी १. पूर्वी जिंकायचे दोनच मिळायचे. इंग्लंडनं १९८१ ला तीन केले आणि वर्ल्डकपात ते १९९४ ला आले, कारण दोन पॉइंट असताना दोन बरोबऱ्या म्हणजे एक विजय, मग टीमा जोखीम न घेता बरोबरीवर बसून राहायच्या.

खरी मारामारी त्याच्या पुढं आहे. पॉइंट सारखे झाले तर काय? इथं जरा हळू वाचा, कारण स्पर्धा इथंच मोडते. समजा एका ग्रुपात युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल आणि चेल्सी. युनायटेडनं लिव्हरपूलला २-१ हरवलं, लिव्हरपूलनं आर्सेनलला ३-१, आर्सेनलनं युनायटेडला १-०. चेल्सीवाले त्या दिवशी पाचच जण आले होते, थकले, तिघांकडूनही हरले, युनायटेडकडून १-०, लिव्हरपूलकडून १-०, आणि शेवटची मॅच आर्सेनलशी, तिथं पायच उचलेनात, ६-०. आता तिघांचे सहा-सहा पॉइंट आणि पुढं जाणार दोघंच.

गोल डिफरन्स लावा, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल. आर्सेनल अधिक ५, लिव्हरपूल अधिक २, युनायटेड अधिक १. आर्सेनल ग्रुपात पहिली, युनायटेड बाहेर. आता दुसरी पद्धत लावा, हेड-टू-हेड, म्हणजे ज्यांचे पॉइंट सारखे त्यांच्या आपसातल्याच मॅच बघायच्या आणि चेल्सीचे गोल बाजूला ठेवायचे. तिघांनी एकेकाला हरवलंय म्हणून आपसातले पॉइंटपण सारखेच, मग आपसातला गोल डिफरन्स: लिव्हरपूल अधिक १, युनायटेड शून्य, आर्सेनल वजा १. लिव्हरपूल पहिली, युनायटेड दुसरी, आर्सेनल घरी. तेच गोल, तीच सकाळ, आणि एका नियमानं जी टीम पहिली ती दुसऱ्या नियमानं तिसरी. आता विचार करा, हा नियम मॅच संपल्यावर ठरवायला बसलात तर तिथं काय होईल. आणि ऑर्गनायझर स्वतः त्या तिघांतल्या एकाचा सपोर्टर असेल तर? सपोर्टरांच्या स्पर्धेत तो असतोच कुणाचा तरी!

दोन्ही नियम जगात चालतात. इंग्लंडची प्रीमियर लीग आधी गोल डिफरन्स बघते, स्पेनची ला लीगा आधी हेड-टू-हेड. २०१२ ला सिटी आणि युनायटेड दोघांचे ८९ पॉइंट झाले होते, सिटीचा फरक ६४ आणि युनायटेडचा ५६. सिटीच्या अ‍ॅग्वेरोचा शेवटच्या क्षणाचा गोल सगळ्यांच्या डोक्यात आहे, पण त्या गोलानं पॉइंट बरोबरीला आणले, ट्रॉफी मिळाली ती आठ गोलांच्या फरकानं, आणि त्याच सीझनला ऑक्टोबरात सिटीनं युनायटेडच्याच ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमवर युनायटेडला ६-१ मारलं होतं, त्या एका मॅचनं दोघांमधल्या फरकात दहाचा बदल केलेला. १९८९ ला तर आर्सेनल आणि लिव्हरपूल दोघांचे ७६ पॉइंट आणि गोल डिफरन्सपण दोघांचा ३७, शेवटी जास्त गोल कुणी केले ते बघितलं, आर्सेनल ७३, लिव्हरपूल ६५. आणि २०१८ च्या वर्ल्डकपात जपान आणि सेनेगल, पॉइंट सारखे, केलेले गोल सारखे, खाल्लेले सारखे, आपसातली मॅच २-२, मग यलो कार्ड मोजले, जपानचे चार आणि सेनेगलचे सहा, जपान पुढं गेलं. म्हणून मी कार्डांची नोंद ठेवायला एक माणूस वेगळा बसवतो, टर्फवरच्या छोट्या स्पर्धेतसुद्धा.

माझं स्वतःचं मत हेड-टू-हेडच्या बाजूनं आहे. मोठ्या लीगमधे ३८ मॅच असतात, तिथं गोल डिफरन्स पूर्ण वर्षाचा हिशोब सांगतो. तीन मॅचच्या ग्रुपात तो एवढंच सांगतो की दमलेल्या टीमला कुणी जास्त झोडपलं. आणि असा नियम असला की पोरं कमजोर टीमवर दया दाखवत नाहीत, ५-० झाल्यावरही सहावा मारायला धावतात, ती टीम मग परत येत नाही. आमचा क्रम असा लिहिलेला आहे: पॉइंट, आपसातले पॉइंट, आपसातला गोल डिफरन्स, मग एकूण गोल डिफरन्स, मग कमी कार्ड, मग पेनल्टी. पेनल्टी शूटआउट नियमात १९७० ला आलं, त्याआधी १९६८ च्या युरो स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघाची सेमीफायनल चक्क नाणेफेकीवर ठरली होती, इटली फायनलला गेली. तेवढ्यावर कुणाचा दिवस ठरू नये असं मला वाटतं.

ग्रुपाच्या शेवटच्या मॅचचा आणखी एक धोका. १९८२ च्या वर्ल्डकपात स्पेनच्या खिखोन गावात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाला आधीच माहीत होतं की जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर दोघंही पुढं जातात आणि अल्जेरिया बाहेर. दहाव्या मिनिटाला जर्मनीनं गोल केला आणि उरलेला वेळ दोघांनी बॉल इकडून तिकडं ढकलत काढला. तेव्हापासून, १९८६ पासून, ग्रुपाच्या शेवटच्या दोन्ही मॅच एकाच वेळी खेळवतात. आपल्याकडं टर्फ एक, एकाच वेळी कसं जमणार? आम्ही शेवटच्या राउंडच्या मॅचचा क्रम महिनाभर आधी सगळ्यांसमोर चिठ्ठीनं काढतो, म्हणजे निदान ऑर्गनायझरनं मुद्दाम कुणाची सोय केली असं होत नाही. जिथं मोठं टर्फ मधे जाळी टाकून दोन होतं तिथं सरळ एकाच वेळी खेळवा.

टर्फवरचे नियम पटकन सांगतो. मोठं मैदान किमान ९० मीटर लांब असतं आणि गोल ७.३२ मीटर रुंद, टर्फ त्याच्या पासंगालाही नाही, म्हणून ऑफसाइड, म्हणजे समोरच्या बचावाच्या पुढं जाऊन बॉलची वाट बघायची नाही हा नियम, ठेवायचाच नाही, एवढ्याशा जागेत त्याला अर्थ नाही. सहा किंवा सात जण, रोलिंग सब, म्हणजे बाहेर गेलेला परत येऊ शकतो, दमला की बस, पाणी पी, परत ये. बाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकायच्या थ्रो-इनच्या ऐवजी पायानं किक-इन आणि त्याला चार सेकंद, हे फुटसालमधनं घेतलंय. फुटसाल म्हणजे पाच-पाच जणांचा खेळ, १९३० ला उरुग्वेच्या मोंतेविदेओत एका शिक्षकानं, हुआन कार्लोस सेरियानीनं तयार केला. त्यातली अजून एक चांगली गोष्ट आम्ही उचलली, एका हाफमधे टीमचे पाच फाउल झाले की सहाव्यापासनं समोरच्यांना भिंत न लावता सरळ किक. छोटे छोटे धक्के देत राहणाऱ्यांना यानं आपोआप आळा बसतो. स्लाइड टॅकल, म्हणजे घसरत जाऊन बॉल काढणं, पूर्ण बंद. टर्फवर घसरलं की गुडघ्याची साल निघते, सोमवारी कामावर जायचं असतं. वरच्या जाळीला बॉल लागला तर समोरच्यांचा, हे पण लिहा, नाहीतर पहिल्याच मॅचला यावरनं आरडाओरडा होतो.

रेफ्री कोण? पैसे असतील तर बाहेरचा बोलवा, नसतील तर दुसऱ्या ग्रुपातल्या टीमचा माणूस, कधीच त्याच ग्रुपातला नाही. आणि रागावर माझा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे दोन मिनिटं बाहेर. यलो कार्ड दाखवून वहीत लिहिलं तर ज्याला दाखवलं त्याला काही फरक पडत नाही, पण दोन मिनिटं जाळीबाहेर उभं केलं, आत टीम एकानं कमी खेळतीये, की डोकं आपोआप शांत होतं. हे घरचं नाही, नियम बनवणाऱ्या संस्थेनंच गल्लीपातळीच्या फुटबॉलला ही मुभा दिली आहे, मॅचच्या एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के. १८ मिनिटांच्या खेळाला दोन मिनिटं बरोबर बसतात.

आता एक गोष्ट जी मी कुठल्याही नियमाच्या आधी लिहितो. घोषणा द्या, चिडवा, हरलेल्याला चहा पाजताना टोमणे मारा, त्याच्याशिवाय मजा नाही. पण मेलेल्या माणसांवर घोषणा नाही. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममधे गर्दीत चेंगरून लिव्हरपूलचे ९७ सपोर्टर गेले, मॅच बघायला आलेली साधी माणसं, त्यात शाळकरी पोरं. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकला युनायटेडच्या टीमचं विमान पडलं, २३ जण गेले, त्यातले आठ खेळाडू. आणि फार लांब कशाला, १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या मॅचला १६ सपोर्टर मेले. इंग्लंडमधे काही जण हिल्सबरो आणि म्युनिक या दोन दुःखांवरनं एकमेकांना डिवचतात आणि ते व्हिडिओ बघून आपली पोरं अर्थ न कळता तेच ओरडतात. आमच्याकडं एकदा झालं. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, कशावर बोलतोय हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मॅच थांबवली, दोन्ही टीमांना मैदानाच्या मधल्या वर्तुळात बसवलं आणि हिल्सबरोला त्या दिवशी काय झालं होतं ते सांगितलं, हेही सांगितलं की त्या घटनेनंतर लिव्हरपूल शहरात लिव्हरपूल आणि त्याच शहरातला दुसरा क्लब एव्हर्टन यांच्या लोकांनी दोन स्टेडियमच्या मधे एकमेकांचे मफलर बांधून लांबच लांब साखळी केली होती, लाल आणि निळे, गाठीला गाठ. त्या पोरानं मग समोरच्या कॅप्टनला जाऊन मिठी मारली. बाकी कशावरही माफी मिळते, यावर टीम बाद, हे पहिल्या पानावर पहिल्या ओळीत आहे.

राहिली वेळ. सोलापुरात मार्चनंतर दिवसा टर्फवर उतरायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. प्लॅस्टिकचं गवत आणि खालचा काळा रबर उन्हात मातीपेक्षा कितीतरी जास्त तापतो, बुटाच्या तळातनं चटका बसतो. २०१४ च्या ब्राझील वर्ल्डकपात नेदरलँड्स आणि मेक्सिकोच्या मॅचला खेळ थांबवून पाणी प्यायचा ब्रेक दिला होता, ती माणसं वर्षभर शरीर कमावणारी, आणि आपण आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी पळणारे. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे साडेपाच ते दहा. त्यात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याचे, म्हणजे यात्रेचे, दिवस सोडायचे, अर्धी पोरं नंदीध्वजाच्या मिरवणुकीत असतात. रमजान मधे येत असेल तर मॅच रात्री नमाज झाल्यावर, नाहीतर तारीखच बदलायची, रोजा धरून पहाटे पळा असं कुणाला म्हणायचं नाही. पाण्याचे जार आदल्या रात्रीच भरून ठेवायचे, सकाळी नळाच्या भरवशावर राहिलात तर काय होतं हे सोलापूरकरांना सांगायची गरज नाही. बर्फाचा एक डबा आणि क्रेप बँडेज, घोटा मुरगळतोच कुणाचा तरी.

यंदा सात टीमा आल्यात, रिअल माद्रिदवाल्यांनी नवीन टीम काढली आहे. सात म्हणजे ७ गुणिले ६ भागिले २, एकवीस मॅच. दोन ग्रुप नीट पडत नाहीत, म्हणून सगळ्यांनी सगळ्यांशी, दोन रविवारी, पहिल्या रविवारी अकरा आणि दुसऱ्या रविवारी दहा. अकरा मॅच म्हणजे चार तास पस्तीस मिनिटं, साडेपाचला सुरू केलं तर दहा वाजून पाच मिनिटांनी संपतं, ऊन चढायच्या आत. टीमा विषम असल्या की वहीतल्या त्या दोन ओळींत एक घर रिकामं ठेवायचं, ज्याच्यासमोर रिकामं घर येईल तो त्या राउंडला बसेल, आणि यंदा ग्रुपच नाहीत म्हणून जो बसेल त्यानं रेफ्री द्यायचा. पहिल्या राउंडला कोण बसणार याची चिठ्ठी येत्या रविवारी टर्फच्या गेटवर सगळ्या कॅप्टनांसमोर काढणार आहे. बिब यावेळी घेतलेत, पोपटी आणि नारिंगी, वीस-वीस.